पायांना लागलेले वळण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जे. पी. नगर, बेंगळूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यानासाठी संतवाङ्मय, शिवचरित्र किंवा नाट्यसंगीत असे विषय योजण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आमच्या वाट्याला मात्र निराळाच विषय आला आहे. घरातील संगणकावर विमान चालविण्याचा जो सराव मुले करतात, त्यातील पायाखालची पेडल्स आणि चवड्याने दाबावयाचे ब्रेक बिघडले म्हणजे काय करावे, यावर बोलावे अशी आज्ञा झाली. आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत फायली हाताळण्यात हयात घालविलेले, शिक्षणाने केवळ बी. ए. तेव्हा हा अधिकार आमच्याकडे कसा आला, असा प्रश्न कोणासही पडावा. त्याचे उत्तर असे की, आपल्या वसाहतीत ज्या घरी हे यंत्र आहे, तेथील मुले दुरुस्तीसाठी कोणी इंजिनिअर भेटेपर्यंत आम्हांस बोलावतात, आणि अडलेली फाईल शोधून काढण्याची आमची जुनी विद्या या कामी चांगलीच उपयोगी पडते, असे आढळून आले आहे.

ज्या शहरात आपण पोटापाण्यासाठी आलो, त्या शहराचा आणि विमानाचा संबंध जुना आहे आणि त्यात आपल्या मुलुखातील माणसांचा वाटा मोठा आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स तिच्यातूनच उभी राहिली. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञापाशी अध्ययन करून आले आणि पुढे त्यांनी बेंगळूर ही आपली कर्मभूमी केली. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एच. टी. २ हे शिक्षणोपयोगी विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात गेले. १९६४ मध्ये उडालेले किरण हे जेट विमानही त्यांच्याच देखरेखीखालचे. ही दोन्ही विमाने लढाईची नव्हेत, शिकण्याची आहेत, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. हवाई दलाच्या कित्येक तुकड्यांनी उड्डाणाचे पहिले धडे अशा विमानांत गिरविले. त्यांतील एच. टी. २ हे शेपटीखाली चाक असलेले विमान. अशा विमानाचे वजन मुख्य चाकांच्या मागे पडते, त्यामुळे जमिनीवर धावताना त्याचे तोंड एकदा वळू लागले की ते आणखीच वळू पाहते. हाताने त्याला आवर घालता येत नाही, तो पायांनीच घालावा लागतो. म्हणजे घाटग्यांच्या विमानाने त्या तरुणांच्या हातांइतकेच त्यांच्या पायांनाही वळण लावले. आजचा आमचा विषय या पायांच्या शिक्षणाचाच आहे.

जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याचे पहिले नावाजलेले यंत्र एका वाद्यनिर्मात्याच्या मुलाने केले, हे आपल्यासारख्या नाट्यसंगीतप्रेमी मंडळींना ऐकून गंमत वाटेल. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवेचे भाते असतात. आपल्या संगीत नाटकांच्या पायपेटीत वादक पायाने जे भाते भरतो, त्याच जातीचे. लिंकने ते भाते एका लहानशा लाकडी विमानाखाली बसविले. शिकणाऱ्याने दांडी हलविली किंवा पेडल दाबले की झडपा उघडत, भाते फुगत वा रिकामे होत आणि ते विमान जागच्या जागी कलत वा फिरत असे. हे १९२९ सालचे. प्रथम लोकांनी ते जत्रेतले खेळणे मानले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल नेण्याचे काम आले आणि खराब हवामानात अनेक वैमानिक प्राणास मुकले, तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी हजारो यंत्रे वापरली गेली. आज आपल्या मुलांच्या टेबलाखाली जी पेडल्स दिसतात, ती त्या पायपेटीचीच दूरची नातवंडे आहेत.

पायपेटीचा उल्लेख आम्ही केवळ गमतीखातर केलेला नाही. पेटीचा एखादा स्वर उतरलेला असेल आणि मूल रोज तिच्याबरोबर गात असेल, तर काही महिन्यांनी पेटी दुरुस्त केली तरी गळा दुरुस्त होत नाही. त्या मुलाला उतरलेला स्वरच खरा वाटू लागतो. सदोष पेडलचेही तसेच आहे. आमचे आजचे सांगणे एवढेच की, बिघडलेल्या यंत्राशी पायांनी जुळवून घेऊ नये. पायांसाठी यंत्र दुरुस्त करावे. ते का आणि कसे, हे आता क्रमाने पाहू.

प्रथम ही पेडल्स करतात काय, ते समजून घ्यावे. होडीला जसे सुकाणू, तसे विमानाच्या शेपटीवर उभे सुकाणू असते. उजवे पेडल पुढे लोटले की विमानाचे नाक उजवीकडे वळते, डावे लोटले की डावीकडे. येथे सायकलची सवय आड येते. सायकलच्या हँडलचा उजवा हात पुढे लोटला तर चाक डावीकडे जाते, म्हणून पहिल्या दिवशी बहुतेक मुले ‘पेडल्स उलटी आहेत’ अशी तक्रार करतात. ती उलटी नसतात. जमिनीवर हीच पेडल्स पुष्कळशा लहान विमानांचे पुढचे चाकही वळवितात. पेडलच्या वरच्या भागावर चवडा ठेवून तो पुढे झुकविला की त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. डाव्या चवड्याने डावे चाक, उजव्याने उजवे. दोन्ही सारखे दाबले तर विमान सरळ थांबते आणि एकच दाबला तर त्या बाजूस वळते. सेस्ना १७२ या जगभर शिकवणीसाठी वापरल्या जाणाऱ्या विमानात नुसत्या पेडलने पुढचे चाक दोन्ही बाजूंस सुमारे १० अंश वळते, एका बाजूच्या ब्रेकची जोड दिली तर ३० अंशांपर्यंत. संगणकाच्या दृष्टीने पाहता या एका उपकरणातून तीन निरनिराळे संदेश निघतात: एक सुकाणूचा आणि दोन ब्रेकांचे. बिघाड शोधताना हे तीन संदेश मनात वेगळे ठेवले की निम्मे काम झाले.

दुसरी गोष्ट, प्रत्येक गैरसोय हा बिघाड नसतो. एका इंजिनाच्या बहुतेक विमानांत पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. अशा विमानाला पूर्ण शक्ती देताच त्याचे नाक डावीकडे ओढ घेते आणि ते सरळ ठेवण्यासाठी उजवे पेडल दाबावेच लागते. हा विमानाचा स्वभाव आहे. बाजूने वारा वाहत असेल तर विमान देवळावरच्या वातकुक्कुटाप्रमाणे वाऱ्याकडे तोंड करू पाहते, तोही दोष नव्हे. एअरबस ए ३२० सारख्या मोठ्या विमानात जमिनीवर पेडलने पुढचे चाक जेमतेम ६ अंश वळते. मोठे वळण घेण्यासाठी हाताशी एक वेगळे लहान चाक असते. ‘पेडल दाबूनही विमान वळत नाही’ ही या विमानाविषयीची तक्रार त्यामुळे निराधार ठरते. म्हणून परीक्षा घेताना सेस्ना १७२ सारखे साधे विमान घ्यावे, सिम्युलेटरमधील वारा शून्य करावा, इंजिन मंद ठेवावे आणि मगच निदान करावे.

आता फाईल शोधण्याची आमची पद्धत सांगतो. कचेरीत एखादा अर्ज अडला की अनुभवी कारकून सगळ्यांवर ओरडत सुटत नाही. तो अर्ज कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो, हे कागदावर लिहून काढतो आणि मधल्या टेबलावर जाऊन विचारतो: तुमच्यापर्यंत पोहोचला होता काय? पोहोचला असेल तर अडथळा पुढे आहे, नसेल तर मागे. एका प्रश्नात अर्धी कचेरी वगळली जाते. पायापासून पडद्यापर्यंत संदेशाची वाटही अशीच आहे: पाय, पेडल, स्प्रिंग व सांधे, आतील सेन्सर, तार, संगणक, सिम्युलेटरचा प्रोग्राम आणि शेवटी त्यातील विमान. यातले मधले टेबल म्हणजे संगणकाचा स्वतःचा ‘गेम कंट्रोलर्स’ हा तक्ता. विंडोजमध्ये शोधाच्या चौकटीत ‘जॉय डॉट सीपीएल’ हा आदेश इंग्रजी अक्षरांत दिला की तो उघडतो. सिम्युलेटर बंद ठेवून हा तक्ता उघडावा आणि तिन्ही संदेश एकेक करून पाहावेत. पाय काढून घेतले असता सुकाणूची खूण बरोबर मध्यावर असली पाहिजे आणि दोन्ही ब्रेक आपल्या एका टोकाला. पेडल हळूहळू शेवटपर्यंत लोटले की खूणही हळूहळू, न अडखळता, शेवटपर्यंत गेली पाहिजे. हे सारे नीट असेल तर पेडल निर्दोष आहे. दोष सिम्युलेटरमध्ये शोधावा. येथेच गडबड दिसली तर सिम्युलेटरला हात लावू नये. दोष खाली आहे.

खालच्या बाजूपासून आरंभ करू. सर्वांत पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित दोष खुर्चीचा. चाकांच्या खुर्चीवर बसून पेडल दाबले की खुर्चीच मागे सरकते आणि गुळगुळीत फरशीवर पेडलची बैठक पुढे घसरते. मुलाला वाटते ब्रेक लागत नाही. वस्तुतः ब्रेकवर पुरेसा जोरच पडलेला नसतो. एका फळीवर पेडलची बैठक पक्की करून ती फळी खुर्चीच्या पायांशी जोडावी किंवा बिनचाकांची खुर्ची घ्यावी आणि खाली रबराची चटई घालावी. या उपायाला विशेष खर्च नाही.

त्यानंतर सांधे आणि स्प्रिंगा. पेडल मध्यावर परत येत नसेल, एका बाजूस जड लागत असेल, तर आत धूळ, केस किंवा सुकलेले ग्रीस असण्याचा संभव असतो. आपल्या या शहरात वर्षभर कोठे ना कोठे बांधकाम चालू असते आणि टेबलाखालची जागा केरसुणीच्या वाटेवरच येते. तार काढून मगच साफसफाई करावी, स्क्रू तपासावेत.

मग येतो सेन्सर, म्हणजे पेडल किती हलले हे मोजणारा भाग. पुष्कळशा स्वस्त पेडल्समध्ये पोटेन्शिओमीटर असतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असे तोच हा भाग. ते बटण फिरविताना जशी खरखर ऐकू येई, तशीच खरखर येथे पडद्यावर दिसते: पाय स्थिर असताही खूण थरथरते किंवा मध्येच उडी मारते. कारण एकच, घासून झिजलेली वा मळलेली पट्टी. एस. पी. रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ‘काँटॅक्ट क्लीनर’ नावाचा फवारा मिळतो. तो मारून पेडल वीस-पंचवीस वेळा मागेपुढे करावे, वाळू द्यावे आणि पुन्हा तक्त्यात पाहावे. शिवणयंत्राचे तेल किंवा खोबरेल येथे कदापि घालू नये; ते धुळीला धरून ठेवते. सफाईनंतरही उडी राहिली तर भाग झिजला असे समजून तो बदलावा. नव्या, किंचित महागड्या पेडल्समध्ये लोहचुंबकाच्या साहाय्याने मोजणारा हॉल सेन्सर असतो. त्यात घासणे नाही, म्हणून झीजही जवळजवळ नाही.

तारेच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्या. यूएसबीची तार संगणकालाच लावावी. अनेक उपकरणे एकाच जोडपट्टीला लावली की वीज अपुरी पडते. काही पेडल्सची तार टेलिफोनच्या तारेसारखी असून ती विमानाच्या दांडीच्या किंवा थ्रॉटलच्या बैठकीत लावावयाची असते. ती अर्धवट बसली की पेडल्स मधूनमधून नाहीशी होतात. आणि विंडोजमध्ये वीज वाचविण्यासाठी यूएसबी झोपविण्याची सोय असते, ती बंद करावी. काही वेळ उत्तम चालून मग पेडल गप्प होत असेल तर हा संशय प्रथम घ्यावा.

आता तक्त्याच्या वरची बाजू, म्हणजे सिम्युलेटरचा प्रोग्राम. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर असो वा एक्स-प्लेन, येथील दोष चार-पाचच आहेत. पहिला, एका कामावर दोन माणसे. नवे उपकरण लावताच सिम्युलेटर पुष्कळदा दांडीच्या पिळालाही सुकाणू समजतो आणि पेडललाही. दोघांचे हुकूम एकमेकांना छेद देतात आणि विमान वेड्यासारखे वागते. दांडीचा हुकूम काढून टाकावा. दुसरा, उलटी दिशा. पाय काढले की दोन्ही ब्रेक पूर्ण लागतात आणि दाबले की सुटतात. विमान जागचे हलत नाही, किंवा इंजिन पुष्कळ वाढविल्यावर कण्हत कण्हत पुढे जाते. ब्रेकांच्या दोन्ही संदेशांना ‘रिव्हर्स’ची खूण केली की काम झाले. तिसरा, सिम्युलेटरने नवशिक्यांसाठी दिलेली ‘ऑटो रडर’ ही मदत. ती चालू असेल तर सुकाणू सिम्युलेटर स्वतःच हलवितो आणि पायांना काही शिकावेसे उरत नाही. चौथा, ब्रेकच्या संदेशावर चुकून दुसरेच काम सोपविलेले असणे. पाचवा, पार्किंग ब्रेक सोडावयाचा राहून जाणे, ज्याबद्दल कोणीही कोणास हसू नये.

एक लक्षण विशेष फसवे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. जमिनीवर चालताना विमान सतत डावीकडे ओढते. आता सुकाणू मध्यावर नाही, की डावा ब्रेक पूर्ण सुटत नाही? दोन्हींचे दृश्य एकच. भेद करण्याची युक्ती सोपी आहे: विमान हवेत न्यावे, सरळ व सपाट उड्डाणात स्थिर करावे आणि पाय उचलावेत. समोर एका वक्र नळीत एक गोळी असते. ती एका बाजूस बरीच घरंगळून राहिली आणि तक्त्यातही सुकाणूची खूण मध्याबाहेर दिसली, तर दोष सुकाणूच्या संदेशात आहे. हवेत सारे ठीक आणि चाके टेकताच पुन्हा ओढ, तर दोष ब्रेकचा. कारण हवेत चाकाच्या ब्रेकला काही अर्थच नसतो. जमीन आणि आकाश या दोन साक्षीदारांची जबानी ताडून पाहिली की खरा अपराधी सापडतो.

शोध घेताना एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपून ठेवावा. चार बदल एकदम केले आणि विमान सुधारले, तर कोणत्या औषधाने गुण आला ते कळत नाही. आमच्या सरकारी सवयीची मुले प्रथम थट्टा करतात. पुढे तीच वही मागावयास येतात.

येथे एका प्रचलित उपायाविषयी सावध करणे आवश्यक वाटते. सेन्सर थरथरत असेल तर सिम्युलेटरमध्ये ‘डेड झोन’ वाढविण्याची सोय आहे. म्हणजे मध्याच्या आसपास पेडल थोडे हलले तरी सिम्युलेटरने ते न हलल्यासारखे मानावे. थोडासा डेड झोन योग्यच असतो. परंतु थरथर झाकण्यासाठी तो वाढवीत नेणे म्हणजे तापाचे कारण न शोधता ताप उतरविण्याची गोळी रोज घेणे होय. सुकाणूचे काम मुख्यतः लहान लहान हालचालींचे आहे. त्या लहान हालचालीच यंत्राने गिळून टाकल्या, तर मूल मोठ्या हालचाली करावयास शिकते: आधी काहीच होत नाही, म्हणून जोराने दाबते, मग एकदम फार होते, म्हणून उलट बाजूस जोराने दाबते. पडद्यावर याचा दंड काही नाही. विमान धावपट्टी सोडून गवतात गेले तर एक बटण दाबून ते पुन्हा जागेवर आणता येते. परंतु पायांनी जे शिकावयाचे ते शिकलेले असते.

आणि पाय जे शिकतात ते कसे परत येते, याची दोन उदाहरणे आमच्या स्मरणात कायमची आहेत. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे ए ३०० जातीचे विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळले आणि जमिनीवरील ५ जणांसह २६५ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे गेलेल्या एका मोठ्या विमानामागील हवेच्या भोवऱ्यात ते सापडले होते. तो भोवरा जीवघेणा नव्हता. परंतु सहवैमानिकाने सुकाणूची पेडल्स एकदा या बाजूस, एकदा त्या बाजूस, अशी पुन्हा पुन्हा जोराने दाबली आणि त्या ताणाने शेपटीचा उभा पंखच तुटून गेला. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने २००४ मध्ये दिलेल्या निर्णयात या अनावश्यक पेडल-हालचाली हे कारण ठरविले; त्या विमानाच्या सुकाणू-यंत्रणेची रचना आणि कंपनीच्या प्रशिक्षणक्रमातील काही भाग यांचाही त्यात हातभार असल्याचे म्हटले. सिम्युलेटरवरील एका पाठात भोवऱ्याचे स्वरूप अवास्तव भयंकर दाखविले जाई आणि त्यातून चुकीची धारणा रुजण्याचा संभव होता, असे त्या मंडळाचे मत पडले. म्हणजे तो सिम्युलेटर आपल्या मुलांच्या यंत्रासारखा मोडका नव्हता, उत्तम होता. तरीही त्याने एका ठिकाणी जे शिकविले, ते आकाशातील सत्याशी जुळत नव्हते.

दुसरे उदाहरण ब्रेकचे. ७ सप्टेंबर २०११ रोजी रशियातील यारोस्लाव्ल येथे याक-४२ जातीचे एक विमान धावपट्टीवर धावले, परंतु वेळेत उठू शकले नाही. उठून लगेच कोसळले. त्यात तेथील लोकोमोटिव्ह हा नामांकित आइस-हॉकी संघ होता. ४५ पैकी ४४ जण दगावले. चौकशीत असे निघाले की, धावपट्टीवर विमान वेग घेत असता चालकांपैकी एकाचे पाय ब्रेकवर दाबलेले होते, आणि त्याचे त्यालाही भान नव्हते. हे चालक पूर्वी याक-४० हे दुसरे विमान चालवीत. त्यात पेडलवर पाय ठेवण्याची जी सवय जडली होती, ती नव्या विमानातही तशीच राहिली. कारणे इतरही होती. परंतु पायांची जुनी सवय हे त्यांतले एक, हे विसरता येत नाही.

ही उदाहरणे आम्ही कोणास भिववण्यासाठी सांगितली नाहीत. घरातील खेळामुळे विमाने कोसळत नाहीत. जो मुलगा वा मुलगी केवळ करमणुकीसाठी हे यंत्र चालविते, त्यांच्या पायांना कोणते वळण लागले याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु आपल्या मंडळींची काही मुले उद्या जक्कूरच्या सरकारी प्रशिक्षण शाळेत किंवा अन्यत्र खऱ्या विमानात बसू इच्छितात. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात घरच्या संगणकावरील एक तासही धरला जात नाही आणि खऱ्या उड्डाणाचा प्रत्येक तास फार महाग असतो. त्या महागड्या तासांत शिक्षकाला नवे शिकविण्याऐवजी जुने विसरावयास लावावे लागले, तर त्याची किंमत आईबाप मोजतात. उलट, नीट दुरुस्त पेडलवर ज्याचे पाय घडले, तो निदान उजवे-डावे आणि टाच-चवडा यांच्या विचारातून मोकळा होऊन जातो.

घरच्या पेडलची मर्यादाही मुलांना स्पष्ट सांगावी. खऱ्या विमानात वेग वाढला की सुकाणूवर हवेचा दाब वाढतो आणि पुष्कळ लहान विमानांत पेडल पायाला जड लागू लागते. टेबलाखालची स्प्रिंग मात्र उभ्या विमानात आणि उडत्या विमानात सारखाच प्रतिकार करते. म्हणून हे यंत्र क्रम शिकविते, दिशा शिकविते, प्रमाण काहीसे शिकविते; स्पर्श शिकवीत नाही. यंत्राला जे येत नाही ते त्याच्याकडून शिकल्याचा भ्रम नसावा, एवढेच.

तेव्हा ज्या घरी हे यंत्र आहे त्यांना आमची एक सूचना आहे. खरा वैमानिक प्रत्येक उड्डाणापूर्वी सारी नियंत्रणे शेवटपर्यंत हलवून ती मोकळी आहेत आणि योग्य दिशेने चालतात की नाही हे पाहतो, आणि विमान जागचे हलताच ब्रेक तपासतो. हीच चाल मुलांना लावावी. बसल्यावर प्रथम खुर्ची स्थिर आहे की नाही ते पाहावे. टाचा जमिनीवर टेकवाव्या. चवडा वर न्यावा तो केवळ ब्रेक लावताना. उजवे पेडल शेवटपर्यंत, डावे शेवटपर्यंत, मग पाय सोडून मध्य. डावा ब्रेक, उजवा ब्रेक, दोन्ही एकत्र. यास एक मिनिटही लागत नाही. यात काही वेगळे आढळले तर उड्डाण थांबवावे आणि फाईल शोधावयास बसावे. ‘चालवून घेऊ’ हे शब्द त्या खोलीत उच्चारू नयेत.

कस्तुरबा रोडवरील विश्वेश्वरय्या संग्रहालयाबाहेर मारुत हे बेंगळुरात घडलेले जेट विमान उभे आहे. पाहुणे गावाकडून आले की आपण त्यांना तेथे नेतो, मुलांची छायाचित्रे काढतो आणि पुढे निघतो. पुढच्या वेळी तेथे गेलात तर मुलांना शेपटीवरचे उभे सुकाणू दाखवा. ते हलविणारी पेडल्स आत कोठे असतील, ती दाबणारे पाय कसे शिकले असतील, हे त्यांना विचारा. मग घरी परतल्यावर टेबलाखाली वाकून त्यांच्याबरोबर स्क्रू तपासा. आपल्यापैकी अनेकांना संगणक येत नाही. परंतु अडलेली गोष्ट शांतपणे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधणे आपणा सर्वांना येते. गावापासून इतक्या दूर येऊन संसार उभे केलेल्या माणसांनी ही विद्या मुलांच्या हाती द्यावी, यास सुवर्णमहोत्सवाहून अधिक योग्य मुहूर्त कोणता?